पडेल फुटबॉल टीमचा नवा कोच पारखायचा कसा?

अमेरिकेतल्या एखाद्या स्टेट युनिव्हर्सिटीत एमएसला आलात, की पहिल्या महिन्यातच कळतं की शनिवारी गावात काही काम काढायचं नाही. रस्ते बंद, पार्किंग बंद, सगळं गाव एकाच रंगाच्या टी-शर्टात. यथावकाश दुसरी गोष्टही कळते: आपली टीम हरते. दरवर्षी हरते. मग नोव्हेंबरमध्ये कोचला काढतात, डिसेंबरात नवा येतो आणि लॅबमध्ये, मेसवर, उबरमध्ये जो तो विचारतो, "नवा कोच कसा वाटतो?" या प्रश्नाला स्वतःचं उत्तर देता यावं म्हणून हा लेख. खेळाचे बारीक नियम आले नाहीत तरी चालेल.

आधी थोडी पूर्वतयारी. हा अमेरिकन फुटबॉल. नियमित हंगामात बारा सामने असतात, ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. सहा जिंकले की हंगामाच्या शेवटी एक जादा सामना मिळतो, त्याला बोल गेम म्हणतात. पडेल टीमचं पहिलं ध्येय हेच असतं. कोचला नेमणारा आणि काढणारा माणूस म्हणजे अॅथलेटिक डायरेक्टर, सगळे त्याला एडी म्हणतात. हेड कोचच्या हाताखाली दोन मुख्य सरदार असतात, एक आक्रमणाचा कोऑर्डिनेटर, एक बचावाचा. एवढं पुरे.

उदाहरण म्हणून मी कॅन्सस विद्यापीठाची टीम धरणार आहे. तिचं लॉरेन्स हे बास्केटबॉलचं गाव, पण २००७ मध्ये फुटबॉल टीमनेही १२-१ अशी कामगिरी करून ऑरेंज बोल जिंकला होता. (आकडे असेच वाचायचे: आधी विजय, मग पराभव.) दोन वर्षांनी तेव्हाचे कोच मार्क मॅनजिनो पद सोडून गेले आणि पुढच्या बारा हंगामांत, म्हणजे २०१० ते २०२१, टीमने एकाही वर्षी तीनपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. एकूण २३ विजय, ११८ पराभव. एवढ्या काळात त्यांनी कोच नेमण्याच्या जवळजवळ सगळ्या चुका करून पाहिल्या आणि शेवटी एक नेमणूक बरोबर केली. शिकायला याहून चांगली जागा नाही.

पत्रकार परिषद बघा, पण गुण देऊ नका

नव्या कोचची पहिली पत्रकार परिषद म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. सगळे चांगलेच बोलतात. "कल्चर बदलू", "या राज्यातली मुलं या राज्यातच ठेवू", "इथे जिंकता येतं". इंडियाना विद्यापीठाचे नवे कोच कर्ट सिग्नेटी तर नेमणुकीनंतर काही दिवसांनी सरळ म्हणाले, मी जिंकतो, गूगल करून बघा. लोक हसले. गंमत म्हणजे खरोखर गूगल करून बघणं हाच योग्य सल्ला होता, त्याकडे पुढे येऊ.

खड्डा किती खोल आहे ते मोजा

नवा कोच चांगला की वाईट हे ठरवण्याआधी त्याच्या हाती काय आलंय ते बघा, आणि त्यासाठी विजय-पराभवाचा तक्ता पुरत नाही.

कॅन्ससमध्ये २०१२ ते २०१४ चार्ली वाइस कोच होते. त्यांनी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांतून खूप खेळाडू आणले, कारण ते तयार असतात आणि लगेच खेळवता येतात. पण अशा खेळाडूची कॉलेजात खेळायची मुदत दोनेक वर्षांत संपते. त्यात काही गळाले, काही काढले. तेव्हा टीमला ८५ स्कॉलरशिप देता यायच्या. पुढच्या कोचकडे, डेव्हिड बेटींकडे, टीम आली तेव्हा खेळाडूंची संख्या त्याच्या बरीच खाली होती. २०१५ चा हंगाम ०-१२ गेला. त्या शून्याचं खापर एकट्या बेटींवर फोडणं अन्यायाचं आहे. पुढच्या तीन वर्षांतल्या सहा विजयांचं मात्र फोडता येतं.

आता नियम बदललेत. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू एका कॉलेजातून दुसरीकडे जाऊन लगेच खेळू शकतो, त्यामुळे माणसांचा खड्डा एका हिवाळ्यात बुजवता येतो. पैशांचा बुजत नाही. २०२५-२६ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देतात, सगळ्या खेळांची मिळून मर्यादा पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणून आज विचारायचा पहिला प्रश्न: आपलं विद्यापीठ त्या मर्यादेपर्यंत जातं का, आणि त्यातलं फुटबॉलला किती? याचं उत्तर गुळमुळीत आलं तर कोच कोणीही असो, अपेक्षा तिथेच कमी करा.

नेमणारा माणूस बघा

हा भाग नवखे लोक हमखास विसरतात. कॅन्ससची यादी ओळीने बघा. मॅनजिनो खेळाडूंशी फार कठोर वागतात अशी तक्रार झाली, चौकशी झाली, ते गेले. त्यांच्या जागी आले सौम्य, सभ्य टर्नर गिल. गिल हरले, तर आणा मोठं नाव: तीन सुपर बोल (व्यावसायिक लीग एनएफएलचं विजेतेपद) जिंकलेल्या पेट्रियट्स टीमचे आक्रमण कोऑर्डिनेटर आणि नोत्र दामचे माजी कोच वाइस. वाइस लोकांना उद्धट वाटले, तर आणा मनमिळाऊ बेटी, ज्यांना टेक्ससच्या हायस्कूलांतली मुलं आणता येतात, पण ज्यांनी कॉलेजात हेड कोच म्हणून एकही सामना पाहिलेला नाही. बेटींना अनुभव नव्हता, तर आणा अनुभवी: लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला (एलएसयू) २००७ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे लेस माइल्स.

प्रत्येक वेळी आधीच्या कोचमध्ये जे नव्हतं ते शोधलं गेलं. टीमला काय हवंय हे कोणी विचारलंच नाही. तुमच्या विद्यापीठाच्या निवेदनात नव्या कोचचं वर्णन जुन्याच्या नेमकं उलट असेल, तर सावध व्हा. एडीची आणि कोचची जुनी ओळख आहे का तेही बघा. माइल्स आणि त्यांना नेमणारे जेफ लाँग मिशिगनपासूनचे ओळखीचे होते. ओळख असणं गैर नाही, पण मग दुसऱ्या किती जणांशी बोलणी झाली हे विचारायला हवं. माइल्स दोन हंगामांत ३-१८ करून मार्च २०२१ मध्ये गेले. कारण मैदानावरचं नव्हतं, एलएसयूतल्या काळातल्या त्यांच्या वर्तनाच्या आरोपांचं होतं. पाठोपाठ लाँगही गेले.

बायोडेटा: कळस नाही, रांग बघा

कॅन्ससने २०१० च्या हंगामासाठी गिल आणले ते बफेलो विद्यापीठातून. २०२१ मध्ये लान्स लायपोल्ड आणले तेही बफेलोमधूनच. तेच छोटं विद्यापीठ, तीच छोटी कॉन्फरन्स (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट), आणि निकाल दोन टोकांचे. म्हणजे "अमुक ठिकाणहून आलाय" या माहितीला एकटीला काही किंमत नाही.

मग फरक कुठे होता? वर्षवार आकडे शेजारी शेजारी मांडा. बफेलोत गिल यांचे चार हंगाम: २-१०, ५-७, ८-६, ५-७. मधल्या त्या एका वर्षी त्यांनी कॉन्फरन्स जिंकली आणि ते कौतुकाचंच होतं, कारण बफेलो तेव्हा अगदी गाळात होतं. पण कळस एकच, आणि पुढच्याच वर्षी टीम खाली. लायपोल्ड यांचे बफेलोतले सहा हंगाम: ५-७, २-१०, ६-६, १०-४, ८-५, ६-१. सुरुवात गिल यांच्यासारखीच, मग चढती आणि वर टिकलेली. त्याच्याही आधी विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या कॉलेजात आठ वर्षांत १०९-६ आणि सहा राष्ट्रीय विजेतेपदं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, म्हणजे तिथे पैशाने माणसं ओढण्याचा मार्गच बंद.

मी तीन प्रश्नांवर बायोडेटा तपासतो. साधनं इतरांइतकी किंवा कमी असताना जिंकलाय का? एकापेक्षा जास्त ठिकाणी जिंकलाय का? आणि जिंकणं चार-पाच वर्षं टिकलं का? वाइस पहिल्या प्रश्नालाच अडतात. एनएफएलमध्ये कोऑर्डिनेटर असणं आणि अठरा-वीस वर्षांची पोरं घरोघर जाऊन आणणं ही दोन वेगळी कामं आहेत. माइल्सही तिथेच अडतात, कारण एलएसयू म्हणजे लुइझियानाची उत्तम पोरं दारात उभी. सिग्नेटी मात्र तिन्हीत बसतात. इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्वेनिया, इलॉन, जेम्स मॅडिसन, तिन्ही ठिकाणी हेड कोच, एकही हंगाम तोट्याचा नाही.

फसवा बायोडेटा कसा असतो हे नेब्रास्काने दाखवलं. स्कॉट फ्रॉस्ट तिथलेच, १९९७ च्या विजेत्या टीमचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे आणि चेंडू टाकणारे मुख्य खेळाडू. ०-१२ वर गेलेली सेंट्रल फ्लोरिडाची टीम त्यांनी दोन वर्षांत १३-० वर नेली. गावचा मुलगा, तरुण, जिंकणारा. २०१७ च्या डिसेंबरात ही नेमणूक चुकीची म्हणणारा माणूस शोधावा लागला असता. पण दोनच हंगाम, एकच जागा. नेब्रास्कात त्यांचा हिशेब झाला १६-३१. गावच्या मुलाला दहा गुण जास्त देण्याची सवय अमेरिकेतही आहे, ते दहा गुण आधी वजा करा.

सोबत कोण आलं?

नेमणुकीनंतरचे दोन-तीन आठवडे इकडे लक्ष ठेवा. लायपोल्ड यांच्यासोबत बफेलोतून आक्रमणाचे अँडी कोटेलनिकी आणि बचावाचे ब्रायन बोरलंड आले. दोघंही व्हाइटवॉटरपासूनचे सोबती. सिग्नेटींसोबतही जेम्स मॅडिसनचे दोन्ही कोऑर्डिनेटर आले. ज्यांच्याबरोबर जिंकला तीच माणसं घेऊन येणारा कोच पहिले सहा महिने स्वतःच्या स्टाफला समजावण्यात घालवत नाही.

उलटी खूण म्हणजे हंगामाच्या मध्यात कोऑर्डिनेटरला काढणं. बेटींनी २०१८ मध्ये काढला, माइल्सनी २०१९ मध्ये. असं झालं की समजायचं, हेड कोचला स्वतःला काय खेळायचंय ते अजून ठरलेलं नाही.

करार वाचा, तो सार्वजनिक असतो

सरकारी विद्यापीठाच्या कोचचा करार माहितीच्या कायद्याखाली मिळतो, आणि स्थानिक वृत्तपत्र तो बहुधा मागवूनही घेतं. लॉरेन्समध्ये हे काम जर्नल-वर्ल्ड करतं. पगाराच्या आकड्याने डोळे फिरू देऊ नका. दोन कलमं शोधा.

पहिलं, काढलं तर किती द्यायचे. याला बायआउट म्हणतात. गिल यांचा करार पाच वर्षांचा, एक कोटी डॉलरचा, हमीचा होता. दोन वर्षांत काढल्यावर उरलेले साठेक लाख डॉलर द्यायचे आणि वर वाइस यांना वर्षाला पंचवीस लाख. जी टीम मुळात गरीब आहे तिने हे केलं की पुढच्या सहायकांच्या पगाराला कात्री लागते, आणि पराभवाचं चक्र असंच पुढे सरकतं. नेब्रास्काने फ्रॉस्टना ११ सप्टेंबर २०२२ ला काढलं. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर बायआउट दीड कोटींवरून ७५ लाखांवर आलं असतं. वीस दिवसांचे ७५ लाख डॉलर. तिथे माणसं किती कंटाळली होती हे त्या आकड्यावरून कळतं.

दुसरं, कोच स्वतःहून गेला तर तो किती देणार. हा आकडा छोटा असेल तर जिंकायला लागल्याबरोबर तो मोठ्या घरी जाईल.

कोण राहिलं, कोण गेलं

कोच बदलला की खेळाडूंना निघून जायची खास मुदत मिळते. आताच्या नियमाप्रमाणे नवा कोच जाहीर झाल्यावर पाचव्या दिवसानंतर पंधरा दिवस. त्या यादीत नावाजलेला कोण गेला हेच मथळ्यात येतं. तुम्ही मात्र ऑफेन्सिव्ह लाइन बघा, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे पाच धिप्पाड गडी. ते राहिले तर टीम पहिल्या वर्षी निदान उभी राहते.

लायपोल्ड ३० एप्रिल २०२१ ला नेमले गेले, तेव्हा वसंतातला सरावही जवळजवळ उरकला होता. बफेलोतून त्यांनी सेंटर (त्या पाचांतला मधला गडी) माइक नोविट्स्कीसह मोजकी पोरं आणली, पण माइल्सच्या काळात आलेले क्वार्टरबॅक जेलन डॅनियल्स आणि लॉरेन्सचाच डेव्हिन नील हे राहिले. पुढची वर्षं या दोघांनी पेलली. जुन्याला राहावंसं वाटणं आणि नव्याला यावंसं वाटणं, दोन्ही दिसलं पाहिजे.

कोलोराडोत डिऑन सँडर्सनी उलट केलं. १-११ वर गेलेली जवळजवळ अख्खी टीम बदलली. ४-८, मग ९-४, मग त्यांचा मुलगा शेडूर आणि हाइझमन (सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) विजेता ट्रॅव्हिस हंटर एनएफएलला गेले आणि २०२५ मध्ये ३-९. दोन असामान्य खेळाडू घेऊन आलेल्या कोचबद्दल मत देताना ते दोघं गेल्यानंतरचं वर्ष येईपर्यंत थांबायला हवं.

पहिला हंगाम: हरण्याची पद्धत वाचा

माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथे, आणि सगळ्यात कमी लोक बघतात तेही हेच.

कॅन्सस २०२१ मध्ये २-१० होतं. तक्त्यात बघाल तर माइल्सच्या पहिल्या वर्षापेक्षाही वाईट. आता सामने क्रमाने लावा. सप्टेंबरात बेलरकडून ७-४५. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आयोवा स्टेटकडून ७-५९. मग महिन्याच्या अखेरीस ओक्लाहोमासारख्या बलाढ्य टीमविरुद्ध मध्यंतराला १०-० ने पुढे, शेवटी २३-३५. त्यानंतरच्या आठवड्यात ओक्लाहोमा स्टेटकडून ३-५५, म्हणजे सुधारणा सरळ रेषेत येत नाही. आणि १३ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्ससशी गाठ. कॉन्फरन्समधले बाहेरच्या मैदानावरचे सलग ५६ सामने कॅन्सस हरलं होतं.

सामना ४९-४९ वर जादा वेळेत गेला. टेक्ससने आधी टचडाउन केलं (सहा गुण) आणि त्यानंतरची एका गुणाची किक मारली, ५६-४९. कॅन्ससनेही केलं, ५६-५५. आता साधी किक मारली की बरोबरी आणि पुन्हा एक फेरी. लायपोल्ड यांनी किक न मारता दोन गुणांचा डाव लावला. जमला तर जिंकलो, नाही तर खेळ खलास. डॅनियल्स धरला जाता जाता सुटला आणि त्याने चेंडू टाकला जॅरेड केसीकडे, स्कॉलरशिपशिवाय टीममध्ये आलेल्या मुलाकडे. ५७-५६.

सगळे तो झेल पुन्हा पुन्हा बघतात. मला त्यानंतरचे दोन पराभव जास्त बोलके वाटतात: टीसीयूकडून २८-३१, वेस्ट व्हर्जिनियाकडून २८-३४. मोठ्या विजयानंतर पडेल टीम सहसा पुन्हा ढेपाळते, ही ढेपाळली नाही. याच्यासमोर गिल यांचं दुसरं वर्ष ठेवा, तेही २-१०: २४-६६, २८-७०, २१-५९, ०-४३, ७-६१. तक्त्यात दोन्ही ओळी सारख्या. पुढच्याच वर्षी लायपोल्ड यांची टीम पहिले पाच सामने जिंकून बोल गेमला गेली, त्याच्या पुढच्या वर्षी ९-४.

"पण इंडियाना?" असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. सिग्नेटींनी ३-९ ची टीम पहिल्या वर्षी ११-२ आणि दुसऱ्या वर्षी १६-० करून राष्ट्रीय विजेती केली. जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू सोबत आणले, पोर्टलमधून एका वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दुसरा उत्तम क्वार्टरबॅक उचलला. यामुळे "मला चार वर्षं द्या" ही जुनी सबब संपली, ते बरंच झालं. पण प्रत्येक नव्या कोचला या मापाने मोजायला लागलात तर दरवर्षी एकाला काढावं लागेल.

निकाल कधी द्यायचा

तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस, त्याआधी नाही. आणि तेव्हाही थोड्या फरकाने गेलेले सामने वेगळे काढून. आठ गुणांपर्यंतचा फरक म्हणजे एका टचडाउनचा खेळ. एका वर्षात असे सामने हरणं बरंचसं नशिबावर असतं. फ्रॉस्ट यांची २०२१ ची टीम ३-९ होती, पण नऊही पराभव नऊ किंवा कमी गुणांचे आणि वर्षभरात केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा जास्त. नशीब म्हणून सोडून देता आलं असतं. पण अशा सामन्यांत त्यांचा एकूण हिशेब ५-२२ झाला. पाच वर्षं नशीब कोणाच्या मागे लागत नाही. शेवटच्या पाच मिनिटांत टीम काय करते, हे कोचचंच काम.

हेच माप आता लायपोल्ड यांना लावून बघा. २०२३ नंतर कोटेलनिकी पेन स्टेटला गेले. कॅन्ससचा २०२४ चा हंगाम ५-७ आणि २०२५ चाही ५-७. पहिल्या ५-७ मधले पाच पराभव सहा किंवा कमी गुणांचे होते, आणि स्टेडियमचं काम चालू असल्याने घरचे सामनेही कॅन्सस सिटीत खेळावे लागले. ते वर्ष मी माफ केलं. दुसऱ्या ५-७ मध्ये असे निसटते पराभव दोनच, सिनसिनाटी आणि अॅरिझोना. बाकीचे पाच दहा किंवा जास्त गुणांनी गेले, टेक्सस टेक आणि कॅन्सस स्टेटकडून तर दोन्ही वेळा १७-४२. डॅनियल्सची कॉलेजात खेळायची मुदतही त्या हंगामानंतर संपली. त्यामुळे लॉरेन्समध्ये या वर्षी मी पहिल्या सहा सामन्यांचे गुणफरक लिहून ठेवणार आहे, नवा क्वार्टरबॅक कोण हे त्यानंतर बघू.